अण्णा, चपलांचं काय ठरलं?

अण्णा, भांडण ऐन रंगात आलं की उठून जायची तुमची सवय फार जुनी. मी आवाज चढवलेला, हात हवेत, आता शेवटचं वाक्य टाकणार, आणि तुम्ही खुर्ची मागं सारून म्हणणार, "थांब दिगू, चहा सांगून येतो." चहा सांगायला गेलेला माणूस मग गायबच. बऱ्याच वेळानं गोदामाच्या दुसऱ्या टोकाला, खोक्यांच्या थप्पीमागं, नाक वर करून वास घेत उभे असलेले सापडायचात. पण सापडायचात. चहा यायचा, आणि भांडण जिथं सोडलं होतं तिथूनच पुढं सुरू व्हायचं.

या वेळी मात्र तुम्ही कहर केलात. "विचार करून सांगतो," म्हणालात, घरी जेवायला गेलात, भाकरी, शेंगाचटणी, ताक, सगळं नेहमीसारखं घेतलंत, जरा पडतो म्हणालात आणि उठलाच नाहीत. डॉक्टर म्हणाले, काही त्रास झाला नसेल. तुम्हाला झाला नसेल. मला झाला. मी अजून उत्तराची वाट बघतोय.

प्रश्न चपलांचा होता, आणि अजूनही आहे.

घरी भेटायला येणारे तुमच्याबद्दल फार गोड बोलतात. शांत माणूस, देवमाणूस, कधी कुणाला दुखावलं नाही. मी कोपऱ्यात बसून मान हलवतो आणि मनात म्हणतो, हे नक्की कुणाबद्दल चाललंय? गोदामात मोबाइलचा चार्जर सापडला तर तो गेटवरच्या खिळ्याला सगळ्यांना दिसेल असा टांगणारा शांत माणूस? ट्रकवाला गेटच्या तोंडाशी गाडी लावून जेवायला बसला म्हणून त्याच्या ताटापाशी जाऊन "बंब आला तर तुझ्या डोक्यावरून जाईल का रे?" असं विचारणारा देवमाणूस? माझ्या मुलीच्या लग्नात तर तुम्ही अक्षता मुठीत धरून मंगल कार्यालयाची मागची दारं तपासत फिरत होतात. एक कुलूपबंद निघालं. तुम्ही व्यवस्थापकाला हुडकून किल्ली आणायला लावलीत आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत त्या उघड्या दारातच उभे राहिलात. लग्नाच्या एकाही फोटोत तुम्ही नाही. व्याही मला बाजूला घेऊन विचारत होते, तुमचे भागीदार रुसलेत का? मी म्हटलं, छे हो, ते आनंदात असले की असंच करतात.

आपली जोडी जमली तेव्हा लोकांनी पैजा लावल्या असतील. तुम्ही विणकरांच्या घरातले. घरात तेलुगू, बाजारात मराठी, रागात दोन्ही. मी मास्तरांचा मुलगा, हौशी नाटकांत राजा, फौजदार आणि एकदा कुणी बाई मिळेना म्हणून मावशीसुद्धा झालेला. तुम्हाला मालाची पारख, मला माणसांशी बोलायची हौस. दोघांनी मिळून एमआयडीसीत टॉवेल साठवायचं, बांधायचं आणि पाठवायचं गोदाम घेतलं. पहिल्या दिवशी मी आत उभा राहून वर बघत म्हणालो, "काय जागा आहे अण्णा, छपरापर्यंत माल चढेल." तुम्हीही वर बघितलंत. म्हणालात, "छपरापर्यंत आग पण चढेल की."

नाही चढू दिलीत. थप्पी दिव्याच्या जवळ गेलेली तुम्हाला चालायची नाही. विजेच्या बोर्डापुढं रिकामं पोतंसुद्धा टेकलेलं खपायचं नाही. तुळयांवर बसलेली रुई झाडायला दर आठवड्याला शिडी लागायचीच, आणि ती झाडताना खाली कुणी विडी ओढलेला वास आला तर त्या दिवशी शिडीवरून तेलुगू ऐकू यायचं. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंनी तुम्ही पिवळे पट्टे मारून घेतले होते. पट्ट्याच्या आत एखादा खोका आला तर कुणाला न बोलता तो उचलायचा आणि माझ्या टेबलावर आणून ठेवायचा, ही तुमची पद्धत. मी जेवत असलो तरी. पिठलं-भाकरी आणि निर्यातीचे टॉवेल मी कितीदा एकाच टेबलावर बघितलेत.

आणि देवीचं प्रकरण. गोदामाच्या कोपऱ्यात लक्ष्मीचा फोटो होता, पुढं दिवा. पूजा तुम्ही स्वतः करायचात, अगदी मनापासून. एका सकाळी मी आलो तर तुम्ही फोटो छातीशी धरून उन्हातून चाललेले. कंपाउंडच्या भिंतीत तुम्ही गुपचूप गवंड्याकडून कोनाडा करून घेतला होता. देवीची बदली गेटवर. बातमी घरी पोचली आणि अक्का, तुमच्या सौभाग्यवती, तुमच्याशी कितीतरी दिवस मराठीत बोलत होत्या, परक्या माणसाशी बोलावं तसं. मी विचारलं, अण्णा, भीती नाही वाटली? तुम्ही म्हणालात, "कापसाच्या ढिगात दिवा लावून तिला कोंडायचं, आणि वर म्हणायचं रक्षण कर. तिला काय वाटत असेल रे?"

ज्या माणसानं देवीला हलवलं, त्याला चपला हलवायला कितीसा वेळ लागणार, असं मला वाटायचं. इथंच माझा अंदाज चुकला.

गोदामात पायात चप्पल घालून कुणी यायचं नाही, हा तुमचा नियम आपल्या गोदामाइतकाच जुना. पुढच्या मोठ्या शटरपाशी उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग पडायचा, आणि पॅकिंगच्या बायका अनवाणी आत. बँकेचे साहेब आले तेव्हा त्यांनाही बूट काढायला लावलेत. त्यांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, आणि बिचारे सगळा वेळ एक पाय दुसऱ्यावर ठेवून बगळ्यासारखे उभे होते. मी हसू दाबायला टॉवेलात तोंड खुपसलं. तुम्हाला त्यात काहीच गमतीचं वाटलं नाही.

मग तुमच्या डोक्यात आलं की आग लागल्यावर सगळ्यांनी बाहेर कसं पडायचं त्याची तालीम घ्यायची. माझ्या नशिबात अखेर मोठी भूमिका आली. मी मागच्या थप्पीआड लपायचं आणि "आग, आग" ओरडत बाहेर यायचं. तुम्ही दोनदा बजावलंत, नाटकी नको, खरं ओरड. अण्णा, मी जीव ओतला. केस विस्कटले, गुडघ्यावर पडलो, छपराकडं हात केले. बायका हातातलं काम थांबवून बघत राहिल्या. कुंभारी गावाहून कामाला येणाऱ्या मल्लव्वानं विचारलं, "सायेब, ह्ये कुटल्या नाटकातलं?" आणि मागून टाळ्या. तुम्ही कपाळाला हात लावलात, स्टीलचं ताट उचललंत आणि डावानं असं बडवलंत की सगळ्या खरोखर पळाल्या.

त्या पळाल्या कुठं, ते तुम्ही आणि मी दोघांनी बघितलं. पॅकिंगच्या टेबलांना लागून बाजूचं दार आहे. तुम्ही ते मुद्दाम पाडून घेतलं होतं, आतून नुसती कडी, कुलूप कधीच नाही, समोर कायम मोकळं. त्या दिवशी ते सताड उघडं होतं. उजेड आत येत होता. एकही बाई तिकडं फिरकली नाही. सगळ्या त्या दारासमोरून धावत, आख्खं गोदाम ओलांडून, शटरकडं गेल्या आणि उंबऱ्यावर वाकल्या. चपला. स्वतःच्या चपला. ही माझी, ती तुझी, अगं उजवा पाय कुठाय, सर की जरा. मागच्या पुढच्यांवर आदळतायत, पुढच्या खाली बघतायत. शटरच्या तोंडाला माणसांचं बूच बसलं.

तुम्ही ताट हातात धरून नुसते उभे होतात. मल्लव्वा दोन्ही चपला छातीशी धरून बाहेर आली तेव्हा तुम्ही तिला विचारलंत, अगं, इतकं जवळचं दार सोडून इकडं कशाला आलीस? ती म्हणाली, "नवी हाय की अन्ना. बाजारातनं परवाच आनली. जळाली तर तुमी आननार व्हय?" तुम्ही ताट खाली ठेवलंत आणि ढिगातल्या चपला मोजायला लागलात.

मग तुमचे प्रयोग सुरू झाले. पहिला प्रयोग, चपला शटरपासून लांब, लिंबाच्या झाडाखाली फळीवर ठेवायच्या. सोलापूरचा एप्रिल, अण्णा. आवारातल्या फरशीवर भाकरी भाजली असती. बायका झाडाखाली चपला काढून, पदर सावरत, तव्यावर उड्या मारल्यासारख्या शटरपर्यंत आल्या आणि दुसऱ्या दिवशी ढीग होता तिथंच होता. तुम्ही रागावला नाहीत. स्वतः अनवाणी एकदा फेरी मारून आलात आणि फळी काढून टाकलीत.

दुसरा प्रयोग, निम्म्या चपला शटरपाशी, निम्म्या बाजूच्या दारापाशी. हा मला पटला होता. पुढच्या तालमीला ताट वाजलं, आणि शटरपाशी चपला असलेल्या बायका नेमक्या त्या वेळी बाजूच्या दाराजवळ काम करत होत्या, आणि उलट. मधल्या वाटेत दोन वराती समोरासमोर आल्या. कुणी कुणाला वाट देईना. मल्लव्वानं दोघींना ढकलून रस्ता केला, तो उलट्या दिशेनं.

तेव्हाच मी म्हणालो होतो, "अण्णा, सोपं आहे. चपला पायात राहू द्या. जे दार जवळ, त्यातून बाहेर. माल फळ्यांवर आहे, टेबलांवर आहे, जमिनीला लागतोय कुठं? उंबऱ्यावर काथ्याचं पायपुसणं टाकू." तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, जसं मी देवीलाच चप्पल घालायला सांगितली. आणि चहा सांगायला गेलात.

ती आग लहानच होती. लोक आता ती मोठी करून सांगतात, आणि मी, जो बेडकाचा बैल करून सांगण्यासाठी प्रसिद्ध आहे, तो मी त्यांना दुरुस्त करतो. भर दुपारी पॅकिंगमधल्या पंख्यातून ठिणग्या पडल्या. खाली कापलेल्या दोऱ्यांचं, चिंध्यांचं पोतं होतं, त्या दिवसाचा कचरा, अजून बाहेर जायचा होता. भपकन पेटलं. तुम्ही बोर्डावरचं मेन बंद केलंत, आग विझवायचं नळकांडं उचललंत, पिन ओढलीत आणि ज्वाळेच्या बुडाशी फवारा मारलात, बायकांना शिकवायचात अगदी तसं. मी दुसरं नळकांडं आणलं तोवर संपलं होतं. कौतुक करायला मी वळलो तर तुम्ही आगीकडं बघतच नव्हतात. शटरकडं बघत होतात. मल्लव्वा खाली पडली होती, आणि चपला शोधणाऱ्यांपैकी कुणाचा तरी पाय तिच्या हातावर होता. पाय कुणी मुद्दाम दिला नव्हता. धूर होता, खाली कोण आहे दिसत नव्हतं. बाजूचं दार तेव्हाही उघडंच होतं.

तिला दवाखान्यात पाठवून तुम्ही परत आलात आणि पोत्याशेजारच्या टॉवेलांच्या गठ्ठ्यावर तळहात ठेवलात. गठ्ठा ओला होता, गप्प होता. मी म्हटलं, विझलाय. तुम्ही म्हणालात, "कापूस खोटं बोलतो दिगू. पोटात ठेवतो आणि सगळे घरी गेले की काढतो." तो गठ्ठा लोटत आवारात आणला, पट्ट्या कापल्या, आणि आतून धुराची बारीक रेघ खरंच वर आली. मग आपण दोघं लिंबाखाली खुर्च्या टाकून बसलो, मध्ये तो गठ्ठा, आजाऱ्यासारखा. तुम्ही थर उलगडायचात, मी पाणी ओतायचो. उन्हं उतरेपर्यंत.

तिथं तुम्ही नायनांबद्दल बोललात. वडिलांना तुम्ही नायना म्हणायचात. मी त्यांच्याबद्दल तोवर एवढंच ऐकलं होतं की ते हातमागावर बसायचे. तुम्ही सांगितलंत, लहान असताना तुम्ही शाळेतून पळत आलात, पायात चप्पल, आणि मागासाठी घरात पसरलेल्या सुताच्या ताण्यावरून तसेच गेलात. नायना मागावरून उठले. मारलं नाही, ओरडले नाहीत. तुमचा पाय जिथं पडला तिथलं सूत बोटांनी उचललं आणि डोळ्यांना लावलं. परत जाऊन मागावर बसले.

"मारलं असतं तर विसरलो असतो," तुम्ही म्हणालात.

मी गठ्ठ्यावर आणखी पाणी ओतलं. मग म्हणालो, "अण्णा, देवीला तुम्ही हलवलंत."

तुम्ही एक थर उलगडलात. म्हणालात, "देवीला हलवलं. नायनांना कसं हलवू?"

त्यानंतर भांडण रोजचं झालं. मी मल्लव्वाच्या बांधलेल्या हाताकडं बोट करायचो. तुम्हाला ते दिसत नव्हतं असं नाही, तुम्ही तर तिच्या घरी कुंभारीला जाऊन आलात, भाजी-फळं घेऊन, आणि तिथं तिच्या घराच्या खिडक्यांच्या जाळ्या बाहेर उघडतात का ते बघून आलात. पण उत्तर एकच. दुसरं काहीतरी शोधू. घंटा लावू, आणखी तालमी घेऊ, बायकांना समजावू. शेवटच्या दिवशी मी नाटक सोडून, हात खाली ठेवून, साध्या आवाजात म्हणालो, तुम्ही सगळं करून बघितलंत, आता एकच राहिलंय. तुम्ही बराच वेळ उंबऱ्यावरच्या ढिगाकडं बघत राहिलात. मग म्हणालात, विचार करून सांगतो. चहा सांगायला गेला नाहीत. घरी गेलात.

तुमच्यानंतरचं ऐका आता.

श्रीनिवास पुण्याहून आला. तुमचा मुलगा तुमच्यावर गेलाय, फक्त चार्जर खिशात ठेवतो. तुमच्या जागी आता तो भागीदार. सगळे विधी आटोपल्यावर तो गोदामात आला, आणि त्यानं प्रेमानंच, अगदी प्रेमानं, तुमचा मोठा फोटो शटरच्या आत लावला, हार घातला, आणि उंबऱ्यावर पाटी लावायची ठरवली, की पादत्राणे बाहेर काढावीत. म्हणाला, "काका, पप्पांचा नियम आहे. तेवढी तरी त्यांची आठवण राहू दे." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आता चपला काढायच्या त्या तुमच्या फोटोपुढं. जिवंतपणी तुमचा तो हट्ट होता आणि तुमच्याशी भांडता येत होतं. मेल्यावर त्याचं देऊळ व्हायला लागलं. देवळाशी कोण भांडणार?

आणि अण्णा, हे खाली बसून ऐका, तिथं बसायची सोय असेल तर. त्यानं तुमच्या फोटोपुढं उदबत्ती लावली. आत. गोदामाच्या आत. खोक्यांच्या थप्पीपासून हातभर अंतरावर. मी बघितलं आणि माझ्या अंगात तुम्ही संचारलात. मी पुढं होऊन ती उदबत्ती चिमटीत धरली, बाहेर नेली आणि देवीच्या कोनाड्यात खोचली. श्रीनिवासचा चेहरा पडला. मी त्याला म्हणालो, "बाळा, तुझ्या पप्पांनी स्वतःच माझ्याकडून हे करवलं असतं, आणि वर मला शिव्या घातल्या असत्या, उशीर केला म्हणून." तो हसला नाही. त्याला वाटलं, मी तुमचा अपमान केला. संध्याकाळी तो माझ्याशी न बोलता गेला.

म्हणून मी अक्कांकडं गेलो. परवानगी मागायला नव्हे. कुणाशी तरी तुमच्याबद्दल खरं बोलावं म्हणून. उदबत्तीचं सांगितलं तर त्या हसल्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या, असं सूनबाई म्हणाली. मग मी नायनांचं, ताण्याचं, चपलेचं सांगितलं.

"मामंजींच्या पायात चप्पल मी कधी बघितली नाही, भावजी," त्या म्हणाल्या. "होतीच कुठं त्यांच्याकडं? मुलाला घेऊन दिली होती, शाळेला जायला. स्वतः शेवटपर्यंत अनवाणी."

तुम्हाला हे माहीत होतं, अण्णा. माहीत असणारच. लिंबाखाली तुम्ही मला सुताचं सांगितलंत, चप्पल कुणी घेऊन दिली होती ते सांगितलं नाहीत. का, ते तुमच्यापाशीच राहू द्या. मी त्यातून माझ्या सोयीचा अर्थ काढणार नाही. अक्कांनीही काढला नाही. निघताना म्हणाल्या, "म्हणून चप्पल घालून जा, असं मी म्हणत नाही. ते गेले. आता तुम्ही दोघांनी ठरवा."

श्रीनिवासला मी दुसऱ्या दिवशी मल्लव्वाकडं बसवलं. फक्त बसवलं. काय झालं होतं ते तिनं तिच्या तोंडानं सांगितलं, हात पुढं करून, अजून मूठ पुरती वळत नाही ते दाखवून. तो तुमचाच मुलगा, ऐकता ऐकता उठला आणि बाजूच्या दारापासून शटरपर्यंत स्वतः चालून आला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, काका, मला पटलंय. पण बायकांना नाही पटणार, त्या पप्पांचा शब्द मोडणार नाहीत. "आपण असं सांगू, की पप्पा शेवटी हो म्हणाले होते. तुम्हाला म्हणाले. कोण विचारायला जाणार आहे?"

कोण विचारायला जाणार होतं खरंच. आणि सांगणारा कोण, तर मी! तुमचा आवाज मला येतो, तुमची मान तिरकी करायची लकब येते, "अरे दिगू" कुठल्या सुरात म्हणता ते येतं. मी उंबऱ्यावर उभा राहून तुमचं हो असं म्हणून दाखवलं असतं की तुमचा फोटोसुद्धा फसला असता. आयुष्यभर मी यापेक्षा मोठ्या थापा यापेक्षा लहान कारणासाठी मारल्यात. तोंडाशी आलं होतं, अण्णा.

पण तुम्ही हो म्हणाला नव्हतात. आज मी तुमच्या तोंडी हो घातलं, तर उद्या दुसरा कुणी तुमच्या तोंडी दुसरं काही घालेल. उंच थप्पी अण्णांना चालायची म्हणेल, दाराला कुलूप अण्णांनीच लावलं होतं म्हणेल. मेलेल्या माणसाच्या हो-नाहीवर गोदाम चालवायचं नाही. जिवंत माणसांनी ठरवायचं आणि त्याची जबाबदारी घ्यायची. पाटी लागली नाही. तुमचा फोटो आम्ही ऑफिसात नेला, माझ्या टेबलासमोर. आता जेवताना माझ्यावर नजर असते.

काल सकाळी सगळ्यांना आवारात बोलावलं. श्रीनिवास माझ्या शेजारी उभा होता. मी म्हणालो, "आजपासून चपला पायात ठेवून आत यायचं. अण्णांचा याला विरोध होता. शेवटपर्यंत होता, मी त्यांच्याशी भांडत होतो आणि ते भांडण मिटलेलं नाही. ठरवलंय ते आम्ही दोघांनी. पण पुन्हा कुणाचा हात पायाखाली येऊ द्यायचा नाही."

कुणी हललं नाही. सगळ्या मल्लव्वाकडं बघायला लागल्या. ती पायांकडं बघत होती.

"अन्नांला वाईट वाटंल की, सायेब," ती म्हणाली.

"वाटेल," मी म्हटलं. "ते मी बघून घेईन. तू बाजूच्या दारानं बाहेर पड, एवढंच बघ."

ती पुढं झाली. वाकून उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि चपलेसकट आत पाऊल टाकलं. मग बाकीच्या. कुणी जीभ चावत, कुणी चोरट्या पावलांनी, एकीनं तर आत जाऊन चप्पल काढून काखेत धरली आणि मागचीनं तिला चिमटा काढला. मीही गेलो. पाय जड झाला होता, हे तुमच्यापासून काय लपवायचं? तुम्हाला वाईट वाटेल असं मी जाणूनबुजून केलं आणि ते पुन्हाही करेन. रोज सकाळी करेन. तुमचं बाकी सगळं तसंच चालणार आहे, तुळया झाडल्या जातील, बोर्डापुढं पोतं टेकणार नाही, कचरा आता दुपारच्या जेवणाआधीच बाहेर जातो, श्रीनिवासचा चार्जर खिळ्याला लटकलाय. ही एक गोष्ट मात्र तुमच्या मनाविरुद्ध. तुम्ही समोर असता तरी मी मागं हटलो नसतो, आणि तुम्ही नाही म्हणून तर अजिबात हटणार नाही.

दुपारी, कुणाला न सांगता, श्रीनिवासनं नवी लावलेली घंटा वाजवली. मी ओरडलो नाही, नाटक केलं नाही, फक्त लिंबाखाली उभा राहून बघत राहिलो. बाजूच्या दारातून एक बाई बाहेर आली. तिच्यामागं दुसरी. मग ओळीनं, पदर खोचून, हात मोकळे, खाली न बघता. शटरमधून तेवढ्याच आल्या ज्या शटरजवळ होत्या. उंबऱ्यावर कुणी वाकलं नाही. तापलेल्या फरशीवरून सगळ्या सरळ चालत झाडाखाली आल्या आणि गलका करायला लागल्या, नेहमीसारख्या.

मल्लव्वा सगळ्यात शेवटी बाहेर पडली. दारात थांबून तिनं आत वळून बघितलं, पॅकिंगची टेबलं, मधली वाट, मागच्या थप्प्या, सगळीकडं. मग माझ्याकडं आली.

"आत कोन न्हाय आता," म्हणाली. "बघून आले म्या."

मीही जाऊन बघून आलो. खरंच कोणी नव्हतं, अण्णा. आत फक्त टॉवेल होते.